पर्ल जॅमचा 'टेन' : पदार्पण असावं तर असं!

ग्रंज रॉक म्हटलं की आधी निर्वाना बँडचा 'नेव्हरमाइंड' आठवतो. पण पर्ल जॅम बँडचा पहिला अल्बम 'टेन' त्याच्या महिनाभर आधीच, २७ ऑगस्ट १९९१ला आला होता.

🎸 मार्च १९९०मध्ये सिॲटलच्या 'मदर लव्ह बोन' बँडचा गायक अँड्र्यू वुड हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. त्याचे साथीदार स्टोन गॉसर्ड आणि जेफ अमेंट यांनी माइक मक्रेडीला घेऊन नव्याने सुरुवात केली. त्यांच्या चालींची कॅसेट सॅन दिएगोत पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एडी वेडरच्या हाती पडली. सर्फिंग करताना त्याला शब्द सुचले. स्वतः गाऊन त्याने कॅसेट परत पाठवली. 'अलाइव्ह' हे गाणं त्यातलंच! आणि पर्ल जॅमला गायक मिळाला.

🏀 बँडचं आधीचं नाव होतं मूकी ब्लेलॉक, एका बास्केटबॉलपटूचं. ते बदललं, पण त्याचा जर्सी नंबर १० अल्बमला मिळाला.

🎚️ मिक्सिंग इंग्लंडमध्ये टिम पामरने केलं. 'ओशन्स' या गाण्यात तालवाद्य म्हणून त्याने चक्क मिरपुडीची डबी आणि आग विझवायचं सिलिंडर वाजवलं!

📈 सुरुवातीला खप यथातथाच होता. १९९२मध्ये मात्र अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला. पुढे एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती खपल्या.

कंपनी मागे लागूनही बँडने 'ब्लॅक' हे गाणं सिंगल म्हणून काढू दिलं नाही, इतकं ते त्यांना जवळचं होतं. अल्बम ऐकला नसेल तर 'ब्लॅक'पासूनच सुरुवात करा, आणि त्याच्या शेवटची गिटार अजिबात चुकवू नका.