‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’चा अभ्यासक्रम आखताय? खाडाखोड जपून ठेवा

माध्यमिक शाळेसाठी नवा अभ्यासक्रम आखायचा, तो शिकवून बघायचा आणि त्यावरच पीएच.डी. करायची, असा विचार तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. मग ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ या विषयाचं उदाहरण नक्की बघा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० साली हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला. त्याची चार उद्दिष्टं होती: गरज ओळखणं, आराखडा तयार करणं, नियोजन करून वस्तू बनवणं आणि मूल्यमापन. कागदावर छान वाटतं, नाही का? पण मुलं या क्रमाने काम करत नाहीत. पुठ्ठा कापताना कळतं की माप जमत नाहीये, मग परत पेन्सिल हातात. रिचर्ड किंबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास हेच मांडलं: डिझाइन म्हणजे डोकं आणि हात यांच्यातली सतत चालणारी देवाणघेवाण.

आता गुण जर क्रमवार, नीटनेटक्या वहीलाच मिळणार असतील, तर मुलं काय करतील? वस्तू आधी बनवतील आणि ‘सुरुवातीचा आराखडा’ मागाहून काढतील. आपल्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल कसं भरतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको! यात जिने तीनदा विचार बदलून वस्तू सुधारली, तिच्याच वहीला कमी गुण पडतात. आणि तुमच्या हाती येतो तो डेटा बनावट असतो.

म्हणून आखतानाच तीन गोष्टी ठरवा.

पहिली, कसोटी. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी सहावीच्या मुलांसाठी पिशवी, पवनचक्की आणि बाहुल्या असे तीन घटक तयार केले होते. त्यात नुसती पवनचक्की बनवायची नव्हती, तिने ठरावीक वजन उचलायला हवं होतं. त्यामुळे आपलं मॉडेल चाललं की नाही, हे मुलांना स्वतःच तपासता येतं.

दुसरी, वेळ. एका तासिकेत सामान काढून परत आवरण्यातच निम्मा वेळ जातो. पाबळच्या विज्ञान आश्रमाने आठवी ते दहावीसाठी विकसित केलेल्या अभ्यासक्रमात आठवड्यातला एक दिवस हातकामाला दिलेला असतो. निदान जोडतासिका तरी मागून घ्या.

तिसरी, नोंद. खोडरबर बंद! पहिला आराखडा तसाच ठेवायचा, बदल दुसऱ्या रंगाच्या पेनाने करायचा आणि शेजारी तारीख आणि एका ओळीत कारण लिहायचं. या बदलांना गुणही ठेवा, नाहीतर मुलं ते लपवतील.

‘मुलांची तांत्रिक समज वाढली का?’ हा प्रश्न संशोधनासाठी फार मोघम आहे. त्याऐवजी ‘आराखडा कुठे बदलला आणि कशामुळे?’ असं विचारा. त्याचं उत्तर त्या रंगीत पेनाच्या नोंदींत सापडेल.