वाऱ्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

मांडवगण फराट्याच्या शिवारात पवनचक्की नाही. भीमाकाठची ही सखल, उसाची जमीन. इथं पाण्याला किंमत आहे, वाऱ्याला नाही. पण शिरूरहून नगरच्या रस्त्याला लागलं की सुप्याजवळ कवड्या डोंगराच्या माथ्यावर पांढरी पाती फिरताना दिसतात, आणि एसटीत कुणीतरी हमखास विचारतं, ‘यातलं खालच्या गावाला काय मिळतं हो?’ या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर साताऱ्याच्या पठारावर जावं लागतं, कारण महाराष्ट्रातल्या पवनऊर्जेची पहिली मोठी वाढ तिथंच झाली.

सातारा शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयावर झुकलेलं वनकुसवड्याचं पठार आहे. उंची समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर. सुझलॉन कंपनीने इथं उभा केलेला प्रकल्प सुमारे २५९ मेगावॅटचा. सज्जनगडापलीकडे ठोसेघर, चाळकेवाडीच्या पठारांवरही मनोऱ्यांच्या रांगा आहेत. पुढे सांगलीत ढालगाव, धुळ्यात ब्राह्मणवेल अशी केंद्रं वाढत गेली आणि राज्याची पवनऊर्जा क्षमता ५००० मेगावॅटच्या पुढे गेली.

डोंगरमाथाच का, याचं गणित सरळ आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून नाचणी-वरईपलीकडे फारसं काही न पिकणारा, उघडा, वादळी कातळ एकाएकी मोलाचा ठरला. सर्वांत जास्त वीज निघते ती पावसाळी वाऱ्यात, आषाढ-श्रावणात. तेव्हा पठारावर इतकं दाट धुकं असतं की पाती दिसत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते.

हे मनोरे कुणाचे? गुंतवणुकीच्या पहिल्या लाटेमागे वाऱ्याइतकंच आयकराचं बळ होतं. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के, नंतर ८० टक्के घसारा मिळे; २०१७ पासून तो ४० टक्क्यांवर आला. नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी दूरच्या शहरांतल्या उद्योजकांनी चक्क्या विकत घेतल्या, आणि उभारणीपासून देखभालीपर्यंतचं सारं कंपनीनं पाहिलं. मालकाला डोंगर चढण्याची गरजच पडली नाही. त्यामुळे गावकऱ्याची गाठ मालकाशी न पडता साइटवरच्या इंजिनिअरशी, ठेकेदाराशी आणि जमिनीच्या दलालाशी पडली.

गावाच्या पदरात पडलं त्याचे चार भाग करता येतात. पहिला जमिनीचा. एकदा खरेदीखत झालं की पैसे एकरकमी, आणि तिथं शेतकऱ्याचा संबंध संपला. दुसरा रोजगाराचा: बांधकामाच्या काळात भरपूर, नंतर मुख्यतः पहारेकरी, गाडीचालक आणि आयटीआय झालेली काही पोरं. मनोऱ्याच्या पोटातल्या शिडीवरून तेलाचे डाग पडलेली डांगरी घातलेला गावचाच तरुण वर चढताना दिसतो, तेव्हा प्रकल्प थोडा तरी गावाचा वाटतो. तिसरा रस्त्याचा. तीसेक मीटर लांबीचं पातं ट्रेलरवरून न्यायचं तर घाटातली वळणं रुंद करावीच लागतात. त्याच रस्त्यानं पुढं दुधाची गाडी आणि बाळंतिणीची जीपही येते. चौथा भाग कर आणि समाजकार्याचा.

ग्रामपंचायतीचा कर हा हक्काचा पैसा. म्हणूनच तो किती आकारायचा यावरून सातारा-सांगलीकडे ग्रामपंचायती आणि कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षं वाद झाले. समाजकार्याचं तसं नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि त्यात कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदा सांगतो. पण चक्कीचा मालक एखादी व्यक्ती किंवा भागीदारी पेढी असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. सुझलॉनने २००७ मध्ये, म्हणजे सक्तीच्याही आधी, स्वतःचं फाउंडेशन काढलं. गुरांची शिबिरं, पाण्याची कामं, बचत गट, ग्राम विकास समित्या ही त्याची रीत. कामं उपयोगी आहेत, यात शंका नाही. मात्र शिबिर कधी भरवायचं आणि बंधारा कुठं बांधायचा, याचा शेवटचा शब्द पैसे देणाऱ्याचाच राहतो.

जिथं बोलणंच होत नाही तिथं वावड्या उठतात. दुष्काळात ‘पवनचक्क्या ढग पळवून लावतात’ ही समजूत साताऱ्यापासून धुळ्यापर्यंत पसरली. शंभर मीटरच्या आसपास फिरणारं पातं मोसमी ढगांची वाट बदलू शकत नाही, हे समजावणं अवघड नव्हतं. पण समजावणाऱ्यावर विश्वास असायला हवा होता.

निसर्गावरचा परिणाम मात्र खरा आहे, आणि तो नजरेआड राहतो. चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला एक सरडा आहे. उन्हाळ्यात नर दगडावर चढून तो पंखा उघडतो-मिटतो. २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी आहेत. परिणामी सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी लवकर पळेनासे झाले, आणि त्यांच्या अंगावरचे रंगही फिके पडले. विजेला धूर नाही म्हणून तिचा काहीच भार नाही, असं होत नाही.

भीमाकाठच्या माणसाला तर हे दूरचं वाटायला नको. आपली नदी जिथं उगम पावते त्या भीमाशंकर अभयारण्याला लागून, खेड-मावळच्या डोंगरांत एनर्कॉन कंपनीचा पवनप्रकल्प झाला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्याची दखल घेतली: रस्त्यांसाठी कापलेले डोंगर, घसरणारी माती, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथं वावरले तिथंच अडवले गेलेले स्थानिक लोक.

पैसा बंद दाराआड फिरू लागला की काय होतं, ते बीडनं पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली; पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तिचा संबंध असल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे.

मग दुसरी वाट कोणती? कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली मिडलग्रुन्डन इथं २० चक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. पुढे डेन्मार्कने कायदाच केला, की नव्या प्रकल्पातले २० टक्के भाग आधी आसपासच्या रहिवाशांना देऊ करायचे; २०२० पर्यंत तो लागू होता. आपल्याकडेही एक पाऊल पडलं आहे, पण सौरऊर्जेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन विकावी लागत नाही. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख रुपये. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो.

शिरूर-दौंडला हे वेगळं शिकवायला नको. साखर कारखान्याचे शेअर घेणं, वार्षिक सभेत उठून अहवालावर प्रश्न विचारणं, उसाच्या भावासाठी गव्हाणीत उड्या टाकणं, हे सारं या पट्ट्यानं केलं आहे. सहकाराची दुखणीही त्याला ठाऊक आहेत. पाटसचा भीमा कारखाना बंद पडून शेवटी भाडेतत्त्वावर द्यावा लागला. तरीही सभासदाला जाब विचारता येतो आणि लाभार्थ्याला फक्त आभार मानता येतात, हा फरक उरतोच. ऊस उत्पादक आधी काट्यावरच्या वजनावर बोट ठेवतो आणि मग भावावर बोलतो. डोंगरावरच्या गावांनीही तिथूनच सुरुवात करावी: जमीन विकायची नाही, भाड्यानं द्यायची, आणि दर महिन्याला कुठल्या मनोऱ्यानं किती युनिट वीज दिली, तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगायचा. वाटा किती मागायचा, ते ग्रामसभेला त्या आकड्यावरून ठरवता येईल.