उष्म्याचा अदृश्य ताळेबंद

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ यांनी केलेली हानी डोळ्यांना दिसते. उष्णतेच्या लाटेत मात्र घरे कोसळत नाहीत आणि रस्तेही वाहून जात नाहीत. माणसे घरी किंवा रुग्णालयात दगावतात आणि नोंदवहीत कारण लिहिले जाते ते हृदयविकाराचे वा मूत्रपिंडाच्या विकाराचे. परिणामी या आपत्तीची खरी किंमत कोणत्याही खात्यावर सहजासहजी चढत नाही.

शरीरावर काय परिणाम होतो?

मानवी शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. ते स्थिर राखण्यासाठी हृदय त्वचेकडे अधिक रक्त पाठविते आणि घामाच्या बाष्पीभवनाने शरीर थंड होते. हवेत आर्द्रता अधिक असली की घाम वाळत नाही व ही व्यवस्था कोलमडू लागते. म्हणूनच किनारपट्टीवरील ३७ अंश तापमानही कोरड्या प्रदेशातील ४२ अंशांइतकेच घातक ठरू शकते. अंतर्गत तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि संभ्रम वा बेशुद्धी आली, तर तो उष्माघात होय. त्यात मेंदू, यकृत व मूत्रपिंड यांना इजा पोहोचते. रात्रही उष्णच राहिली तर दिवसभराच्या ताणातून सावरण्याची संधी शरीराला मिळत नाही. वृद्ध, लहान मुले, गर्भवती, हृदयरोगी आणि उन्हात राबणारे श्रमिक यांना सर्वाधिक धोका असतो.

अहमदाबादचा धडा

मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर पोहोचले. त्या महिन्यात शहरात सर्व कारणांनी मिळून ४,४६२ मृत्यू झाले. अभ्यासकांनी २००९ व २०११ मधील त्याच काळातील नोंदींशी ही संख्या ताडून पाहिली, तेव्हा अपेक्षेपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे स्पष्ट झाले. सुट्या नोंदींत न दिसणारी हानी तुलनेमुळे उघड झाली.

या जाणिवेतून अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील अशा स्वरूपाचा हा पहिला आराखडा होय. हवामानाच्या अंदाजावरून रंगनिहाय इशारे देणे, रुग्णालयांना पूर्वसूचना देणे, पाणपोया उभारणे आणि नागरिकांना माहिती देणे ही त्याची मुख्य अंगे आहेत. पुढील काळात गरीब वस्त्यांमधील छपरांना पांढरा लेप देण्याचे कामही हाती घेण्यात आले. २०१४ व २०१५ या दोन वर्षांत मिळून या उपायांमुळे सुमारे २,३८० मृत्यू टळले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे देशातील अनेक शहरांनी व राज्यांनी असे आराखडे तयार केले.

धरणीचा ताप, शेतीची हानी

जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार २०२४ या वर्षाचे सरासरी जागतिक तापमान औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. कोळसा, तेल व वायू यांच्या ज्वलनातून निर्माण होणारे हरितगृह वायू हे या वाढीचे प्रमुख कारण आहे. तापलेली हवा जमिनीतील ओलावा लवकर शोषते. पिके करपतात आणि वणवे पसरतात. आपल्या देशात मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वाधिक उष्ण मार्च ठरला. ऐन दाणा भरण्याच्या वेळी गव्हाला फटका बसला आणि मे महिन्यात शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

अर्थव्यवहाराच्या दृष्टीने

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये वर्तविलेल्या अंदाजानुसार, २०३० मध्ये भारतातील एकूण कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास उष्म्यामुळे वाया जातील. हे प्रमाण ३.४ कोटी पूर्णवेळ रोजगारांएवढे आहे. वातानुकूलित कक्षात बसणाऱ्याला उष्मा म्हणजे केवळ गैरसोय वाटते. परंतु भाजी विकणारी भगिनी किंवा बांधकामावरील मजूर यांना मात्र दुपारची मजुरी आणि स्वतःचा जीव यांत निवड करावी लागते. तिच्या बचत खात्यातील किंवा त्याच्या कर्जाच्या हप्त्यातील खंड हा कित्येकदा त्या उन्हाचाच हिशेब असतो.

आपण काय करू शकतो?

ग्राहकांनी, विशेषतः ज्येष्ठांनी, बँकेची कामे सकाळच्या वेळेत उरकावीत. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. सत्तर वर्षांवरील ग्राहकांनी घरपोच बँकिंग सेवेची शाखेत चौकशी करावी. शाखांमध्ये पिण्याचे पाणी, बसण्यासाठी सावलीची जागा आणि बाहेर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला आळीपाळीने विश्रांती, एवढी व्यवस्था अल्प खर्चात होऊ शकते. एखाद्या व्यक्तीस भोवळ आली व ती असंबद्ध बोलू लागली, तर तिला तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

उष्णतेची लाट थोपविणे आपल्या हाती नाही. तथापि तिची नोंद ठेवली, इशारा वेळेवर दिला आणि तो गांभीर्याने पाळला, तर तिचे बळी कमी करता येतात, हे अहमदाबादने दाखवून दिले आहे.