मिलिसेकंदांचा बाजार

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात: १८० हर्ट्झ, १ मिलिसेकंद, १७८ अंश. पहिला आकडा बहुतेक वेळा खरा असतो. दुसराही खरा असतो, पण कोणत्या अटीवर खरा, ते खोकं सांगत नाही. तिसरा, म्हणजे पाहण्याचा कोन, आयपीएस आणि व्हीए या दोन्ही जातींच्या पॅनेलवर सारखाच छापतात, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही. पुढची पाच-सहा वर्षं डोळ्यांना काय दिसणार, हे ज्यावर ठरतं ती आतल्या पॅनेलची जात मात्र बारीक अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात असते. कधी कधी तीही नसते. दिवाळीच्या सेलमध्ये घरातलं कुणी 'एकशेऐंशीवाला घेऊ या' म्हणून मागे लागलं असेल, तर आधी तो कोपरा शोधा.

हर्ट्झचा हिशेब सोपा आहे. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदात साठ वेळा नवं चित्र दाखवतो, म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. १४४ हर्ट्झवर ते ६.९ वर येतं, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. साठवरून एकशेचव्वेचाळीसवर गेलं की जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात आणि तो फरक माउस हलवताच कळतो. दोनशेचाळीसवरून तीनशेसाठवर गेलं की वाचतात जेमतेम १.४. म्हणजे पैसे वाढत जातात आणि त्या पैशांत मिळणारा वेळ आटत जातो. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक' स्पर्धेत खेळणाऱ्याला तो दीड मिलिसेकंदही हवा असतो. रविवारी दुपारी खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण हे झालं चित्र किती वेळा पाठवलं जातं याचं गणित. आलेलं चित्र पडद्यावर वेळेत उमटतं का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर पॅनेलच्या आत दडलेल्या रेणूंकडे आहे.

हे रेणू म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगांवर काम करत होता. त्यातलं एक संयुग त्याला दोनदा वितळताना दिसलं: १४५ अंशांच्या आसपास ते गढूळ द्रव झालं आणि १७८ च्या पुढे लख्ख पारदर्शक. मधल्या अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे एका दिशेने रांगेत असतात. विजेचा दाब दिला की ती रांग वळवता येते आणि तिच्यातून जाणारा प्रकाशही. एलसीडी पडद्याचा सगळा संसार एवढ्यावर उभा आहे. मागे पांढरा बॅकलाइट, पुढे-मागे दोन ध्रुवक पट्ट्या, आणि मध्ये रेणूंची ही रांग दाराची उघडझाप करत बसलेली. टीएन, आयपीएस आणि व्हीए या तीन जातींत फरक फक्त एकच: रेणू आरामात असताना कसे असतात आणि वीज दिल्यावर कुठे वळतात.

सर्वांत जुनी जात टीएन. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी तिचं पेटंट घेतलं. यात रेणूंची रांग एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत जिन्यासारखी नव्वद अंशांत पिळलेली असते आणि वीज दिली की ती सरळ उभी राहते. रचना साधी, स्वस्त आणि चपळ. दोष असा की पडदा तिरका पाहिला की रंग पालटतात. खालून पाहिलं तर चेहरा निगेटिव्हसारखा दिसतो. जुन्या लॅपटॉपचं झाकण मागेपुढे करून चित्र शोधल्याचं अनेकांना आठवेल.

या दोषावर जो उपाय निघाला, त्याचं मूळ बेंगळुरूत आहे, आणि हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की काठीसारख्या रेणूंप्रमाणेच थाळीसारख्या चपट्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक बनतात. तोवर असं काही असू शकतं, हे कुणी प्रत्यक्ष दाखवलं नव्हतं. पुढे जपानच्या फुजीफिल्मने अशाच थाळीदार रेणूंचा पातळ थर असलेली फिल्म काढली. ती टीएन पडद्यावर चढवली की बाजूने दिसणारे रंग बरेच सावरायचे. कार्यालयातले लाखो पडदे ही फिल्म अंगावर घेऊन जगले.

तरीही आज घरासाठी टीएन घेण्याचं कारण उरलेलं नाही. ती टिकून आहे स्पर्धेच्या मैदानात. असूसने २०२३ मध्ये बाजारात आणलेला ५४० हर्ट्झचा मॉनिटर टीएनच होता, आणि काउंटर-स्ट्राइकच्या व्यावसायिक खेळाडूंच्या टेबलांवर बेनक्यूच्या झोवी मालिकेचे टीएन पडदे वर्षानुवर्षं दिसत आले. त्यांना समोरून बघायचं असतं, रंगांशी देणंघेणं नसतं.

आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर आडवे असतात आणि आडवेच फिरतात, उभे राहत नाहीत. त्यामुळे कुठूनही पाहिलं तरी रंग जवळपास तेच. फ्राइबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या गुंटर बाउर यांच्या कल्पनेला हिताचीने १९९६ च्या सुमारास बाजारात आणलं. अनेक वर्षं ही जात छायाचित्रकारांची आणि डीटीपी करणाऱ्यांची होती. मंद म्हणून गेमरने तिच्याकडे पाठ फिरवली होती. २०१९ मध्ये एलजीने १४४ हर्ट्झचा आणि १ मिलिसेकंदाचा दावा करणारा आयपीएस मॉनिटर आणला, तेव्हापासून टीएनची सद्दी संपायला लागली. आज दुकानात 'फास्ट आयपीएस' या नावाने जे दिसतं, ते त्याचंच गोत्र.

आयपीएसचं दुखणं काळ्या रंगात आहे. पांढरा आणि काळा यांच्या उजेडातलं गुणोत्तर, म्हणजे कॉन्ट्रास्ट, साधारण हजारास एक असतं. रात्री दिवे मालवून भुताचा गेम लावला की काळोख राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत फिकट उजेड सांडल्यासारखा वाटतो. दिवसा ट्यूबलाइटखाली याचा मागमूस नसतो. त्यामुळे हा दोष आहे की नाही, हे तुम्ही केव्हा खेळता यावर ठरतं.

व्हीएमध्ये वीज नसताना रेणू काचेला काटकोनात ताठ उभे असतात आणि प्रकाश जवळपास पूर्ण अडवतात. म्हणून काळा खरोखर काळा दिसतो. कॉन्ट्रास्ट तीन हजारास एक किंवा त्याहून पुढे. पण वीज जेवढी कमी, तेवढे हे उभे रेणू हलायला आळस करतात. काळ्यावरून गडद राखाडीकडे जायला वीज थोडीच लागते, आणि नेमका तिथेच पडदा अडखळतो. अंधाऱ्या बोगद्यातून धावताना खांबामागे काळी शेपूट ओढली जाते. गेमर त्याला स्मिअर म्हणतात. सॅमसंगने २०२० मध्ये ओडिसी जी७ आणून व्हीएसुद्धा २४० हर्ट्झला धावू शकते हे दाखवलं, पण स्वस्त व्हीएमध्ये ती शेपूट अजून असते. पडदा वक्र आहे, ३२ इंची आहे आणि किंमत संशयास्पद कमी आहे, तर तो बहुधा व्हीए असतो. गाड्यांच्या शर्यती, सिनेमे, निवांत कथानकाचे गेम यांना तो छान. नेमबाजीला मी तो घेणार नाही.

आता खोक्यावरच्या त्या '१ मिलिसेकंदा'कडे वळू. पिक्सेल एका राखाडी छटेवरून दुसऱ्या छटेवर किती वेळात जातो, याचा हा आकडा. पण तो सगळा प्रवास मोजत नाहीत. बहुतेकदा दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंतचाच मोजतात. सुरुवातीची आणि शेवटची रखडपट्टी हिशेबाबाहेर. शिवाय शेकडो छटांच्या जोड्यांतली सर्वांत वेगवान जोडी छापायला कोणी अडवत नाही. आणि तो आकडा गाठण्यासाठी मॉनिटर ओव्हरड्राइव्ह सर्वांत वरच्या पायरीवर ठेवतो, म्हणजे रेणूंना गरजेपेक्षा जास्त विजेचा धक्का देतो. रेणू भरधाव सुटतात, मुक्कामाच्या पुढे जातात आणि परत फिरतात. हलणाऱ्या वस्तूमागे पांढरट भूत दिसतं. मेनूमध्ये 'एक्स्ट्रीम', 'फास्टेस्ट' असं काही असेल तर ते सोडून मधली पायरी निवडा. तिथे तो पडदा १ मिलिसेकंदाचा नसतो, पण चित्र चांगलं असतं. काही खोक्यांवर याच आकड्यापुढे एमपीआरटी असं लिहिलेलं असतं. ते मोजमापच निराळं, बॅकलाइट पटापट लुकलुकवून मिळवलेलं, आणि तो प्रकार चालू केला की उजेड कमी होतो.

पिक्सेल क्षणार्धात बदलला तरी चित्र पुसट दिसू शकतं, हे मात्र बहुतेकांना पटत नाही. पडदा प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो, आणि डोळा तर धावत्या शत्रूमागे सतत सरकत असतो. एका सेकंदात १९२० पिक्सेल ओलांडणारी वस्तू घ्या. ६० हर्ट्झवर ती डोळ्याला ३२ पिक्सेलभर फराटलेली दिसते, २४० वर ८. हा फराटा पॅनेलची जात बदलून जात नाही. तो हर्ट्झ वाढवून किंवा वर सांगितल्याप्रमाणे बॅकलाइट लुकलुकवूनच कमी होतो. म्हणजे दोन्ही हवेत: हर्ट्झ आणि त्या हर्ट्झला पुरा पडणारा पिक्सेल. २४० हर्ट्झच्या पडद्याचे पिक्सेल बदलायला आठ मिलिसेकंद घेत असतील, तर मागचं चित्र पुरतं पुसलं जाण्याआधी पुढची दोन येऊन थडकतात.

इथेच ओएलईडी बाकी सगळ्यांना मागे टाकते. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून ही वाट निघाली. इथे बॅकलाइट नाही, वळणारे रेणू नाहीत; प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. विझला की काळा म्हणजे शुद्ध काळा, आणि बदलायला लागणारा वेळ मिलिसेकंदाचाही अंश. डेलच्या एलियनवेअरने २०२२ मध्ये सॅमसंगचं क्यूडी-ओएलईडी पॅनेल लावलेला १७५ हर्ट्झचा रुंद मॉनिटर आणला, पुढच्याच वर्षी एलजीचे २७ इंची २४० हर्ट्झवाले आले, आणि तेव्हापासून प्रत्येक यादीत सर्वोत्तम म्हणून यांचीच नावं असतात.

सर्वोत्तम आहेतच. पण ज्या खोल्यांत त्या याद्या लिहिल्या जातात, त्या बहुधा अंधाऱ्या असतात. आपल्याकडे मॉनिटर हॉलमध्ये खिडकीसमोर असतो, भिंती पांढऱ्या, दुपारचं ऊन टाइल्सवरून परावर्तित होऊन थेट पडद्यावर. क्यूडी-ओएलईडीवर पुढची ध्रुवक पट्टी नसते, त्यामुळे अशा उजेडात तिचा काळा जांभळट राखाडी दिसू लागतो, आणि ज्या काळ्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तोच हरवतो. एलजीच्या प्रकारात हे कमी. पण पूर्ण पांढरं पान उघडलं की दोन्ही प्रकारांचा उजेड बराच खाली येतो; अनेक मॉनिटर २५० निट्सच्या आसपास थांबतात, जे साधा आयपीएस सहज ओलांडतो. उपपिक्सेलांची मांडणी वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते, आणि देवनागरीच्या शिरोरेषेवर ती मला इंग्रजीपेक्षा जास्त खुपते.

ओएलईडीवर स्थिर चित्राचा ठसा कायमचा उमटण्याची, म्हणजे बर्न-इनची, भीती थोडी फुगवलेली आहे, पण पोकळ नाही. नुसता गेमिंगसाठी वापर असेल तर फार चिंता नको. हिंजवडीतल्या कंपनीचं काम घरून करत दिवसाचे नऊ तास एक्सेल, तळाशी तीच टास्कबार, आणि रात्री दोन तास गेम असा संसार असेल, तर तो पडदा त्या टास्कबारची आठवण कायमची ठेवू शकतो. काही कंपन्या बर्न-इनसाठी तीन वर्षांची हमी देतात. ती भारतात विकलेल्या नगाला लागू आहे का, हे बिल फाडण्याआधी लेखी विचारा.

मिनी-एलईडी हा मधला मार्ग: एलसीडीच्या मागे शेकडो-हजारो छोट्या दिव्यांचे कप्पे, हवे तिथे उजळणारे. उजेड भरपूर, बर्न-इन नाही. पण काळ्या आकाशात एकच चांदणी असली तर तिच्याभोवती धुरकट वलय. आणि खोक्यावर 'एचडीआर ४००' एवढंच लिहिलं असेल तर त्याला एचडीआर मानू नका. त्या पायरीला असे कप्पे असण्याची अटच नाही.

मग घ्यायचं काय? एकाच पडद्यावर अभ्यास, ऑफिस आणि गेम चालणार असतील आणि खोलीत उजेड असेल, तर २७ इंची, १४४० पिक्सेल उंचीचा, १६५ किंवा १८० हर्ट्झचा फास्ट आयपीएस. बहुतेक मराठी घरांसाठी माझं उत्तर हेच, आणि ते कंटाळवाणं आहे याची मला कल्पना आहे. वेगळी, अंधार करता येणारी खोली आणि कामासाठी दुसरा पडदा असेल तर ओएलईडीवर खुशाल खर्च करा. घरात प्लेस्टेशन ५ असेल तर ते १२० हर्ट्झच्या पुढे जातच नाही, तेव्हा २४० साठी पैसे टाकू नका. आणि कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड तुमच्या आवडीच्या गेममध्ये सेकंदाला नव्वदच चित्रं काढत असेल, तर आधी कार्ड बघा. चित्रांचा वेग खालीवर होतोच. म्हणून पडद्याचा वेग त्या वेगाशी जुळवणारं फ्रीसिंक किंवा जी-सिंक हवंच. मात्र व्हीए आणि ओएलईडीवर त्याच्यापायी गडद दृश्यांत लुकलुक जाणवू शकते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या दुकानात मॉनिटर चालू करून दाखवायला सांगा. गडद राखाडी पानावर पांढरी अक्षरं ठेवून ते भराभर वरखाली सरकवा: व्हीएची शेपूट तिथे दिसते. मग काळं पान लावून बाजूने पाहा. खोक्यावरचं कंपनीचं नाव फार मनावर घेऊ नका. पॅनेल बनवणारे कारखाने मोजकेच आहेत आणि एकच पॅनेल चार वेगळ्या नावांनी विकलं जातं.

घरी आणल्यावर केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये न लावता ग्राफिक्स कार्डच्या पोर्टमध्ये लावा, आणि ती खोक्यात आलेली डिस्प्लेपोर्टची असू द्या. ड्रॉवरमधली जुनी एचडीएमआय नको. नंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. कारण विंडोज बऱ्याचदा नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालू करते, आणि १८० चा पडदा घेऊन वर्षभर साठवर खेळणारे लोक तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत.