जुनी गाडी : ठेवायची की बदलायची?

गेल्या दिवाळीत आम्ही जुन्नर तालुक्यात मावसभावाकडे गेलो होतो. त्याची टोमॅटोची शेती आहे. हंगामात क्रेट भरायचे आणि नारायणगावच्या बाजारात नेऊन उतरवायचे, हा त्याचा शिरस्ता. त्यासाठी २०१२ साली त्याने एक पिकअप गाडी घेतली. ती आता ऑइल खाऊ लागली आहे. हाफ इंजिनचे काम करावे लागेल, सत्तर हजार रुपये खर्च येईल, असे मिस्त्रीने सांगितले होते. दुसरीकडे, नव्या गाड्या विकणाऱ्या दुकानदाराने जुनी गाडी दोन लाखांना घेण्याची तयारी दाखवली होती. नवी दहा लाखांची. म्हणजे आठ लाखांचे कर्ज.

फराळ करता करता भावाने विचारले, "दादा, तुम्ही शास्त्रज्ञ माणसं. सांगा, ठेवू का काढू?"

आम्ही काही बोलण्यापूर्वीच काका म्हणाले, "मागच्याच हंगामात गिअरबॉक्सला चाळीस हजार घातले. आता विकून कसं चालेल?" भावाचा मुलगा म्हणाला, "जुनी गाडी म्हणजे रोजची कटकट. काढून टाका." मुलगी बारावीत होती. ती काहीच बोलली नाही. पुढच्या वर्षी तिची कॉलेजची फी भरायची होती आणि नव्या गाडीचा हप्ता त्याच वेळी सुरू होणार होता.

प्रश्न एका घरातला असला, तरी त्यामागचे गणित शाळेत शिकवता येईल असे आहे. ते आपण पायरीपायरीने पाहू.

गेलेले पैसे

प्रथम काकांचा मुद्दा घेऊ. गिअरबॉक्सचे चाळीस हजार खर्च झाले आहेत. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. दोन्ही पर्यायांत जी रक्कम सारखीच आहे, ती निवडीला उपयोगी नाही. गिअरबॉक्स चांगला असल्याने गाडीला किंमत थोडी जास्त आली असेल किंवा पुढचा खर्च थोडा कमी होणार असेल, तर तेवढा भाग हिशेबात येतोच. चाळीस हजारांचा आकडा मात्र येत नाही.

हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामभराची तिकिटे विकताना काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत तिकिटे दिली. कोणाला काय मिळेल हे केवळ योगायोगाने ठरत होते. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटके पाहिली. नाटके तीच होती. फरक फक्त आधी गेलेल्या पैशांचा होता.

गाडीचे वय म्हणजे नेमके काय?

आता मुलाचा मुद्दा. यंत्रांच्या बिघाडांचे प्रमाण काळानुसार मांडले, तर पुष्कळदा नांदेच्या आकाराचा आलेख मिळतो. सुरुवातीला बनावटीतले दोष बाहेर पडतात, म्हणून बिघाड जास्त. मग बराच काळ ते कमी आणि साधारण स्थिर राहतात. शेवटी झिजेमुळे पुन्हा वाढू लागतात.

पण गाडी हे एकच यंत्र नाही, ती अनेक सुट्या भागांची बेरीज आहे. गाडी २०१२ची असली तरी मागच्या वर्षी बदललेली क्लच प्लेट एकाच वर्षाची आहे. हाफ इंजिनचे काम केले, की पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगे नवी होतात. म्हणजे यातल्या पुष्कळ भागांचे वय आपण मागे नेऊ शकतो.

जिचे वय असे मागे नेता येत नाही ती वस्तू म्हणजे चॅसी. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतले ताजे लोखंड उघडे पडते. क्षारांमुळे हे काम लवकर होते. शेतावरच्या गाडीत पोटॅशच्या गोणी येतात. हे पोटॅश बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. सांडलेले खत आणि पावसाचे पाणी चॅसीच्या सांध्यात साठले, की गंजाला आयतेच आमंत्रण मिळते.

म्हणून पहिली तपासणी पैशांची नव्हे, सुरक्षिततेची. चॅसी कुजली असेल किंवा स्टिअरिंग आणि ब्रेकचे आधारच खिळखिळे झाले असतील, तर पुढचे गणित करण्याची गरज नाही. भावाची गाडी आम्ही गॅरेजात खड्ड्यावर घेऊन खालून पाहिली. मिस्त्रीने हातोडीने ठोकून चॅसी तपासली. ती शाबूत होती. आता गणिताकडे वळू.

नव्या गाडीला वर्षाला किती पडतात?

नवी गाडी घेतली तर वर्षाचा खर्च किती, असे विचारले की बहुतेक लोक हप्ता सांगतात. ते बरोबर नाही. खरा खर्च तीन प्रकारचा असतो : गाडीची उतरणारी किंमत, दुरुस्ती व बंद पडल्यामुळे होणारे खाडे, आणि गाडीत अडकलेल्या रकमेचे व्याज. आम्ही मिस्त्री आणि भाऊ यांच्याशी बोलून गोल आकडे धरले. व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या किमतीवर १० टक्के. सर्व रकमा हजार रुपयांत आहेत.

| वर्ष | वर्षअखेरची किंमत | दुरुस्ती व खाडे | त्या वर्षाचा एकूण खर्च | सुरुवातीपासूनची सरासरी |
|---|---|---|---|---|
| १ | ८२० | २० | ३०० | ३०० |
| २ | ७१० | २८ | २२० | २६० |
| ३ | ६२० | ३८ | १९९ | २४० |
| ४ | ५४० | ५० | १९२ | २२८ |
| ५ | ४७० | ६४ | १८८ | २२० |
| ६ | ४१० | ८० | १८७ | २१४ |
| ७ | ३६० | ९८ | १८९ | २११ |
| ८ | ३२० | ११८ | १९४ | २०९ |
| ९ | २९० | १४० | २०२ | २०८ |
| १० | २६० | १६४ | २२३ | २०९ |

पहिल्या वर्षाची फोड पाहा. किंमत दहा लाखांवरून ८,२०,००० झाली, म्हणजे १,८०,००० उतरले. दुरुस्ती २०,००० आणि व्याज १,००,०००. एकूण ३,००,०००.

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. सरासरी नवव्या वर्षापर्यंत उतरते आणि मग चढते. असे का, ते क्रिकेटवरून लगेच कळेल. फलंदाजाची सरासरी ४० असेल आणि पुढच्या डावात त्याने ३० धावा केल्या, तर सरासरी उतरते. ५० केल्या तर चढते. गाडीचेही तसेच. पुढच्या वर्षाचा खर्च आतापर्यंतच्या सरासरीपेक्षा कमी आहे तोवर गाडी ठेवावी. तो सरासरीच्या वर जाऊ लागला, की बदलावी. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९२५ साली यंत्रांच्या घसाऱ्याचे जे गणित मांडले, ते याच विचाराचे.

कोष्टकातून आणखी दोन गोष्टी दिसतात. सातव्यापासून दहाव्या वर्षापर्यंत सरासरी जवळजवळ सपाट आहे. तेव्हा निर्णय एखादे वर्ष पुढेमागे झाला तर फार बिघडत नाही. दुसरे म्हणजे, व्याज वगळून हेच कोष्टक पुन्हा केले, तर सर्वांत कमी सरासरी सहाव्या वर्षीच येते. करून पाहा. व्याज धरले की गाडी जास्त वर्षे ठेवणे फायद्याचे ठरते, कारण नवी घेणे म्हणजे पुन्हा मोठी रक्कम अडकवणे.

जुन्या गाडीचा हिशेब

नव्या गाडीचा उत्तम आकडा वर्षाला २,०८,००० रुपये. जुन्या गाडीचा पुढच्या वर्षाचा खर्च आता त्याच्याशी ताडून पाहू. चालक, टायर असे दोन्हीकडे सारखे असणारे खर्च सोडून दिले. विमाही सोडला, तो नव्या गाडीला जास्तच पडतो. डिझेलचा मात्र फरक धरायला हवा. गाडी वर्षाला १८,००० किलोमीटर चालते. जुनीला लिटरमागे १० किलोमीटरचे ॲव्हरेज आणि नवीला १२ धरले, तर जुनीला १,८०० लिटर लागतात आणि नवीला १,५००. जास्तीचे ३०० लिटर, लिटरला ९० रुपये धरून, २७,००० रुपयांचे.

पहिले वर्ष : किंमत ३०,००० उतरेल, दोन लाखांचे व्याज २०,०००, इंजिनचे काम ७०,०००, इतर दुरुस्ती ६०,०००, खाडे २५,००० आणि डिझेल २७,०००. बेरीज २,३२,०००. म्हणजे २,०८,०००पेक्षा जास्त. गाडी विकावी असे वाटते.

पण इथे सावध राहायला हवे. इंजिनचे काम एकाच वर्षासाठी होत नाही. दुसऱ्या वर्षी तो खर्च नाही : उतरलेली किंमत २०,०००, व्याज १७,०००, दुरुस्ती ६५,०००, खाडे ३०,०००, डिझेल २७,०००, एकूण १,५९,०००. तिसऱ्या वर्षी याच रीतीने १,८२,०००. तिन्ही वर्षांची सरासरी १,९१,००० येते. ती नव्या गाडीच्या आकड्यापेक्षा कमी आहे. चौथ्या वर्षाचा अंदाज २,१०,०००, म्हणजे तिथे थांबावे.

तेव्हा चांगले पर्याय दोनच : इंजिनचे काम न करता आजच विकणे, किंवा काम करून तीन वर्षे वापरणे. सर्वांत वाईट पर्याय म्हणजे सत्तर हजार घालायचे आणि कंटाळून वर्षभरातच गाडी विकायची. आपल्या आजूबाजूला नेमके हेच पुष्कळदा होताना दिसते.

हप्ता आणि दुरुस्ती

१,९१,००० आणि २,०८,००० यांत फरक सतरा हजारांचा आहे. आपले आकडे अंदाजाचे आहेत. दुरुस्ती थोडी वाढली, की हा फरक पुसला जाईल. मग निर्णय कशावर घ्यायचा?

आठ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे १७,००० रुपये येतो. २०२३च्या जुलैमध्ये टोमॅटोला केवढा भाव मिळाला आणि दोन महिन्यांत तो कसा कोसळला, हे उत्पादक विसरलेले नाहीत. भाव पडलेल्या महिन्यातही हप्ता भरावाच लागतो. दुरुस्ती त्रासदायक असली, तरी तिच्यातले बरेचसे काम एखादा महिना पुढे ढकलता येते. ब्रेकचे काम मात्र कधीही ढकलू नये. उत्पन्न अनिश्चित असताना ठरलेला खर्च वाढवणे हा एक धोका आहे. आमच्या कोष्टकात त्याला रकाना नव्हता.

याउलट परिस्थितीही असू शकते. रोज शंभर किलोमीटरवर दूध पोचवणाऱ्याला एक खाडा फार महाग पडेल. त्याच गणिताने त्याचे उत्तर वेगळे येईल.

धूर आणि हवा

मुलीने शेवटी एक प्रश्न विचारला : "पण काका, जुनी गाडी धूर जास्त सोडते ना?"

प्रश्न योग्य होता. भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० रोजी देशभर लागू झाली. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५०वरून १०वर आले. डिझेलच्या प्रवासी मोटारींसाठी सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५वर आली. मालवाहू गाड्यांच्या मर्यादाही कडक झाल्या. काजळीच्या बाबतीत नवी गाडी निश्चित चांगली, आणि गावातल्या मुलांच्या फुप्फुसांचा विचार करता ही गोष्ट किरकोळ नाही.

कार्बन डायऑक्साइडचे उत्तर इतके सरळ नाही. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ३०० लिटर वाचले तर वर्षाला सुमारे ७८० किलो वाचेल. पण एक टन पोलाद बनवतानाच दोन टनांच्या आसपास हा वायू बाहेर पडतो. नव्या गाडीत टनभर पोलाद धरले, तर त्याचीच भरपाई व्हायला अडीच वर्षे जातील. टायर, काच, ॲल्युमिनियम आणि कारखान्याची वीज वेगळीच. शिवाय विकलेली जुनी गाडी नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या रस्त्यावर धूर सोडते. अधिकृत केंद्रात मोडीत काढली, तरच तिचा धूर थांबतो. त्यासाठीचे नियम २०२१ साली आले. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या पासिंगचे शुल्कही बरेच वाढवले गेले. भावाची गाडी २०२७ साली त्या वयाला पोचते.

शेवटी भावाने इंजिनचे काम करून घेतले. तीन हंगाम गाडी वापरायची आणि दरमहा ८,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकायचे, असे ठरले. तीन वर्षांत २,८८,००० आणि वर व्याज जमेल, म्हणजे पुढचे कर्ज तेवढे लहान. या हंगामात गाडी एकदा रस्त्यात बंद पडली. त्या दिवशी भावाने फोन करून सांगितले, "दादा, आपल्या पंचवीस हजारांतला एक खाडा आज झाला." मुलीची फी वेळेवर भरली गेली.

वर्गात करून पाहण्यासारखे

१) वरचे कोष्टक व्याजाचा दर ५ टक्के आणि १५ टक्के धरून पुन्हा करा. सर्वांत कमी सरासरीचे वर्ष कुठे सरकते?

२) अकरावी-बारावीसाठी : गाडी केव्हाही विकली तरी तिच्यावर क रुपये बुडतात आणि दुरुस्तीचा वार्षिक दर शून्यापासून सुरू होऊन दर वर्षी ड रुपयांनी वाढतो, असे माना. न वर्षांची वार्षिक सरासरी क/न + डन/२ येते. ती सर्वांत कमी केव्हा होईल? क = ८,००,००० आणि ड = २५,००० असेल तर उत्तर ८ वर्षे येते का, ते पाहा. क चौपट केल्यास आयुष्य किती पट होते?

३) घरातली एखादी जुनी वस्तू, पंप, शिलाई यंत्र किंवा सायकल, निवडा. गेलेले पैसे वगळून पुढच्या वर्षाचा खर्च मांडा आणि घरच्यांना दाखवा. त्यांचे म्हणणेही लिहून घ्या. कोष्टकात न बसणारी एखादी गोष्ट बहुधा तिथेच सापडेल.