लिंबात वीज नसते

बॅटरीत सेल घातले की उजेड पडतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण सेलात वीज कोण भरतं? मला वाटायचं, हंड्यात पाणी भरतात तशी कारखान्यात भरत असतील. ते चूक आहे.

मागच्या महिन्यात आबा रात्री उसाला पाणी द्यायला गेले आणि बांधावरच बॅटरी विझली. अंधारात चाचपडत घरी आले. आई फार घाबरली होती. सेल काढले तर एक चिकट झालेला, कवच खालून खाल्ल्यासारखं. तो कागदात गुंडाळून मी शाळेत नेला. गुरुजी म्हणाले, "याचं जस्त खर्च झालं."

मग त्यांनी प्रयोग करून दाखवला. लिंबू दाबून मऊ केलं. त्यात पत्र्याला मारतात तो खिळा खोचला (त्याला जस्ताचा मुलामा असतो) आणि थोड्या अंतरावर तांब्याची तार. मीटर लावला तर ०.९ व्होल्ट! आम्ही ओरडलो, लिंबात वीज आहे! गुरुजींनी तार काढून तिथे तसाच दुसरा खिळा खोचला. मीटर शून्यावर. लिंबू तर तेच होतं!

म्हणजे करामत दोन वेगळ्या धातूंची. आंबट रसात जस्त थोडं थोडं विरघळतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन खिळ्यातच मागे राहतात. त्यांना रसातून जाता येत नाही, म्हणून ते बाहेरच्या तारेने फिरून तांब्याकडे जातात. तीच वीज. तांब्यापाशी रसातला हायड्रोजन ते घेतो आणि त्याचा वायू होतो. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. हे शब्द मी तीनदा लिहून पाठ केले. इलेक्ट्रॉनना किती ओढ आहे ते व्होल्टमध्ये मोजतात. इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली जस्त-तांब्याच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड एकावर एक रचून वीज मिळवली, त्यांचंच हे नाव.

एका लिंबावर छोटा तांबडा एल.ई.डी. लागेना. तीन जोडली तरी लागेना, कारण मी त्याचे पाय उलटे लावले होते. सुलटे केल्यावर, दारं लावून, बारीक उजेड दिसला.

आबांच्या सेलात लिंबू नाही, पण भांडं जस्ताचंच. मध्ये कार्बनची कांडी आणि भोवती काळी पूड. भांडंच झिजतं, मग भोक पडून चीक बाहेर येतो. बॅटरी बरेच दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा. आणि प्रयोगाचं लिंबू खाऊ नका, त्यात जस्त उतरलेलं असतं. आमच्यातला एकजण त्याचं सरबत करायला निघाला होता.