दाभोशाची धावपटू

मी मराठीचा प्राध्यापक. धावण्याशी माझा संबंध एस.टी. पकडण्यापुरता. तरीही आमच्या महाविद्यालयात खेळाचे लचांड दोन वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. ‘तुमच्याइतका उत्साही माणूस दुसरा नाही,’ असे प्राचार्य म्हणाले आणि मी फसलो.

त्याच लचांडापायी यंदाच्या श्रावणात जव्हारहून दाभोशाला जाणे झाले. लेंडी नदी तिथे सुमारे ३०० फूट खाली झेप घेते आणि ती पाहायला मुंबईची मंडळी मोटारी भरभरून येतात. मला धबधब्याशी कर्तव्य नव्हते. माझी एक विद्यार्थिनी, लांब पल्ल्याची धावपटू, पंधरा दिवस सरावाला आली नव्हती. ‘सर, मी आता धावणार नाही,’ एवढाच तिचा निरोप होता.

वाटेत मी भाषण जुळवले. उदाहरण हाताशीच होते. डोंगरापलीकडे, नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळचे सावरपाडा हे कविता राऊत यांचे गाव. पाण्यासाठी अनवाणी धावणारी ही आदिवासी मुलगी नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ साली ती रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. एवढे ऐकल्यावर कोणती पोर घरी बसेल?

पोर मुकाट्याने ऐकत होती. आई नुकतीच नागलीच्या आवणीवरून आली होती. तिने कोरा चहा पुढे ठेवला. मग मुलगी म्हणाली, “सर, मीपण पाण्याला पळायचे. तेव्हा कोणी मोजत नव्हतं. आता झोपेतसुद्धा सेकंद मोजते. मागच्या साली चार सेकंदांनी माझी निवड हुकली, तेव्हा आठ दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत.”

चहा घशाशी अडकला. कारण ते खरे होते.

“आणि दिवाळी झाली की घरचे सगळे वीटभट्टीवर जगायला जातात. मी वसतिगृहात अंडी खाते, धाकटा तिकडे विटा उचलतो. मग पाय उचलत नाही.”

‘जगायला जाणे’ हा या भागातला शब्दप्रयोग. वीस वर्षे मी व्याकरण शिकवतो. या क्रियापदाचा अर्थ त्या ओट्यावर कळला.

परतताना मला खाशाबा जाधवांची आठवण झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरचा हा मल्ल सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकरांनी त्यांना उपदेशही केला असेल, पण लोकांच्या लक्षात राहिले ते घर. माझे घर आधीच बँकेकडे गहाण आहे, आणि पोरीला पैसे नकोच होते.

मी दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या शाळेत गेलो. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. गुरुजींनी त्याचे नाव लिहून घेतले. आजी म्हणाली, “पोरगा हितं राहील, मी हाय.” हिवाळ्यातल्या स्पर्धेतून मुलीचे नाव मी काढले. प्राचार्यांचा चेहरा उतरला, आणि माझ्या उत्साहाविषयीचे त्यांचे मतही बदलले.

आश्विनात तिने निरोप धाडला, ‘रविवारी या.’ गावाबाहेरच्या चढणीवर ती धाकट्याबरोबर धावत होती. तो अर्ध्या वाटेत बसला. ती वळणाआड गेली आणि बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन परतली. सवयीने तिने विचारले,

“सर, किती लागला टाइम?”

“पाहिलाच नाही.”

ती हसली. तिचा विश्वास बसला नसावा. खरे म्हणजे, मी पाहिला होता.